फ्लॉरेन्स : एक सकाळ संगमावर

इटलीतील फ्लॉरेन्स शहरी वाहनाची चिंता नको. स्थानकातून निघावे, दहा-पंधरा मिनिटांत ब्रुनेलेस्कीच्या घुमटापाशी पोहोचावे. जुन्या भागात परक्या मोटारींना बहुतेक वेळ मज्जावच असतो, आणि ते बरेच आहे. पिसा आगगाडीने तासाभरावर. कागदी तिकिटावर स्थानकातील यंत्राचा शिक्का तेवढा उमटवून घ्यावा, नाहीतर दंड भरावा लागतो. टेकडीवरचे फिएसोले, तेथील रोमन नाट्यगृहासह, बसने अर्ध्या तासात.

परंतु वाचकहो, पिशाचा मनोरा एक वेळ राहिला तरी चालेल, एक सकाळ काशिने उद्यानासाठी राखावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. आर्नो नदीच्या काठाकाठाने या लांबट उद्यानाच्या पश्चिम टोकाला जावे. येथे मुन्योने नदी आर्नोस मिळते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना १८७० च्या नोव्हेंबरात, ऐन विशीत, याच शहरी निवर्तले. त्या मुलखात दहनाची चाल नव्हती. तरीही परवानगी मिळाली, आणि आपल्या रीतीप्रमाणे संगमावरच अग्निसंस्कार झाला. तेथे १८७४ साली उभारलेल्या छत्रीखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. शेजारच्या मोठ्या पुलाचे नावही या ‘इंदियानो’वरूनच पडले आहे.