झाडाचे पैसे घ्या, जमीन विसरा?



मोह वेचायचे दिवस आलेत. पहाटेच टोपल्या घेऊन आपल्या बाया झाडाखाली जातात. कुठलं झाड कुणाच्या घरचं, हे गावात कुणाला विचारावं लागत नाही, पोरांनाही ठाऊक असतं. पण कागद काढला की त्याच झाडाखालची जमीन वनखात्याची निघते. म्हणून या अंकात आम्ही दुसऱ्या एका झाडाची गोष्ट सांगतो. झाड लांबच्या देशातलं आहे, भांडण मात्र आपलंच आहे.

मलेशियात बारमाही पावसाचं दाट जंगल आहे. तिथं पेताई नावाचं झाड होतं. शंभर फुटांपर्यंत जातं, पानं चिंचेसारखी बारीक. चेंडूसारखी फुलं लांब देठाला लोंबतात, त्यांच्यावर रात्री वटवाघळं येतात. मग हातभर लांब, पिळल्यासारख्या हिरव्या शेंगांचे घोस धरतात. कोवळी शेंग खातात. शेंग भरली की आतल्या बदामाएवढ्या हिरव्या बिया कच्च्या खातात, भाजून खातात, मिरचीच्या वाटणात परततात. वास एवढा उग्र की खाणारा लपून राहत नाही!

तिथल्या आदिवासींना ओरांग अस्ली म्हणतात, म्हणजे मूळची माणसं. त्यांची माणसं झाडावर चढून पेताई काढतात, घरी खातात आणि उरलेली व्यापाऱ्याला विकतात. भाव व्यापारी ठरवतो. आपल्या हिरड्याचं आणि चारोळीचं काय वेगळं आहे?

आता मुद्दा ऐका. तिथं १९५४ चा आदिवासींसाठीचा कायदा आहे. सरकारनं जमीन घेतली तर त्यावरच्या फळझाडांची भरपाई द्यायची, असं त्यात आहे. जमिनीची भरपाई मात्र सरकारच्या मर्जीवर. म्हणजे झाड तुमचं, पण झाड ज्या मातीत उभं आहे ती तुमची नाही. असा न्याय!

१९९५ साली सेलांगोर राज्यात तेमुआन आदिवासींची ३८ एकर जमीन विमानतळाच्या रस्त्यासाठी घेतली. घरांचे, पिकांचे, फळझाडांचे पैसे दिले. जमिनीचा एक पैसा नाही. सात जण कोर्टात गेले. पिढ्यानपिढ्या आम्ही इथंच राहतो, आमच्या रूढीनं ही जमीन आमची आहे, असं त्यांनी मांडलं. २००२ साली हायकोर्टानं ते मानलं. २००५ साली वरच्या कोर्टानंही तेच सांगितलं की रूढीनं चालत आलेला हक्क हा जमिनीवरचा हक्क आहे, जमिनीची भरपाई द्या.

जिंकले, याचा आम्हाला आनंद आहे. पण निकाल लागेपर्यंत रस्ता होऊन गेला होता. पैसे मिळतील, पण ती जमीन परत कशी मिळणार? हक्क आधी कागदावर आणला नाही तर जिंकूनही हरल्यासारखं होतं, हे आपण यातून शिकायचं.

आपल्याकडं २००६ चा वन हक्क कायदा आहे. गौण वनउपज गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा मालकी हक्क त्यात लिहिलेला आहे. तरी आपले काही दावे ‘पुरावा नाही’ म्हणून परत येतात. दंडाची पावती नाही, जुना कागद नाही, म्हणून आपली लोकं गप्प बसतात. गप्प बसू नका! नियम १३ बघा. कंदमुळं, रानफळं, वनउपज गोळा करायच्या जागा हाही पुरावा आहे. देवाची झाडं, देवराई, मसणवट हाही पुरावा आहे. दावेदार सोडून गावातल्या इतर म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब हाही पुरावा आहे. फक्त एकावर भागत नाही, एकापेक्षा जास्त पुरावे जोडावे लागतात.

तेव्हा येत्या ग्रामसभेआधी प्रत्येक पाड्यानं एवढं करावं. म्हाताऱ्या आजी-आजोबांना घेऊन रान फिरा. मोह कुठं, हिरडा कुठं, कंद कुठं, कुणाच्या आज्यापासून कोण वेचतो, सगळं वहीत उतरवा. नकाशा काढा, मग तो मातीवर काडीनं काढून कागदावर उतरवला तरी चालेल. जबाबावर आंगठे घ्या. एक प्रत गावात ठेवा आणि दावा देताना पोच घेतल्याशिवाय हलू नका.

आणि कुणी साहेब झाडांची मोजणी करायला आला, झाडामागं इतके रुपये म्हणाला, तर आधी विचारा, ‘जमिनीचं काय?’ ग्रामसभेत ठरल्याशिवाय कुणी एकट्यानं सही करू नका.

मोह दरवर्षी फुलतो. त्याच्याखाली उद्या आपली पोरं उभी राहायची असतील, तर हे काम याच हंगामात झालं पाहिजे.

जिंदाबाद!