हट्टी सॉफ्टवेअर जरूर काढा, पण रजिस्ट्री ‘साफ’ करू नका



मागच्या वर्षी दिवाळी अंकांची धांदल चालू असताना एका सकाळी साडेसातला फोन आला. सदाशिव पेठेत, कुमठेकर रस्त्यामागच्या एका जुन्या वाड्यात डीटीपीचं काम करणाऱ्या काकू. म्हणाल्या, “सर, मराठीचं सॉफ्टवेअर उघडतच नाहीये. लॉक सापडत नाही म्हणतंय. दोन फॉर्म आज छपाईला जायचेत हो!”

जाऊन बघितलं. आदल्या रात्री भाच्याने प्रेमापोटी कॉम्प्युटरची ‘सफाई’ केली होती. मुदत संपलेला अँटीव्हायरस नेहमीच्या पद्धतीने निघेना, म्हणून त्याने त्याचं फोल्डरच उडवलं. मग नेटवरून एक फुकटचा रजिस्ट्री क्लीनर उतरवला. क्लीनरने लाल अक्षरांत शेकडो चुका दाखवल्या, याने ‘फिक्स ऑल’ दाबलं. मराठी सॉफ्टवेअरचं डोंगल त्या वेळी टेबलाच्या खणात होतं. माझा अंदाज असा, की डोंगल जोडलेलं नसल्यामुळे त्याच्या ड्रायव्हरच्या नोंदी क्लीनरला बिनकामाच्या वाटल्या. रिस्टोअर पॉइंट नव्हता. जुनी सीडी कपाटात सापडली, तर नव्या कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्हच नाही! टिळक रोडवरच्या ओळखीच्या दुकानातून ड्राइव्ह मागून आणला, सगळं परत टाकलं, तोवर दुपारचे चार. छापखान्यातला नंबर गेला तो गेलाच.

म्हणून या आठवड्याच्या व्हिडिओला जोडून माझं मत स्पष्ट सांगतो. नको असलेलं सॉफ्टवेअर हाताने काढायला शिका. पण अख्खी रजिस्ट्री साफ करण्याच्या भानगडीत पडू नका. ही दोन वेगळी कामं आहेत.

रजिस्ट्री म्हणजे काय?

वाड्यातला जिन्याखालचा मीटर बोर्ड आठवा. कोण भाडेकरू कधी आला, कधी गेला, कुणाची वायर कुठून कुठे गेली, काही पत्ता नाही. त्यातली एखादी वायर ‘कुणाचीच दिसत नाही’ म्हणून तुम्ही कापाल का? रजिस्ट्रीचं तसंच आहे. विंडोज ९५ पासून विंडोजच्या आणि बहुतेक प्रोग्रॅम्सच्या सेटिंग्ज तिथे एकत्र राहतात. काढलेल्या प्रोग्रॅमच्या दहा-वीस नोंदी मागे उरल्या, तर त्या नुसत्या पडून असतात. त्यांनी कॉम्प्युटर हळू होत नाही. चुकीची एक नोंद गेली, तर मात्र अख्खं ऑफिस बसतं. फायदा जवळजवळ शून्य, तोटा पूर्ण दिवसाचा. धंदेवाईक माणसाने असा सौदा का करावा?

हे मी एकटाच म्हणत नाही. मायक्रोसॉफ्टने नव्वदच्या दशकात स्वतःच ‘रेगक्लीन’ नावाचा क्लीनर दिला होता, तो पुढे बंद केला. अर्धवट राहिलेली इन्स्टॉलेशन्स पुसणारं त्यांचं ‘विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप’ २०१० मध्ये मागे घेतलं, कारण ते दुसऱ्याच प्रोग्रॅमच्या फायली बिघडवत होतं. आज त्यांची अधिकृत भूमिका अशी आहे, की रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला आमचा पाठिंबा नाही. आणि २०१७ मध्ये ‘सीक्लीनर’सारख्या नावाजलेल्या सफाई-सॉफ्टवेअरच्या एका आवृत्तीतच हॅकर्सनी व्हायरस घुसवला होता. आता बोला!

मग हट्टी सॉफ्टवेअर काढायचं कसं?

आधी मुहूर्त बघा. महिन्याची ११ तारीख जीएसटीआर-१ ची, २० तारीख ३बी ची. त्या आठवड्यांत या कामाला हात लावायचा नाही. शनिवारी संध्याकाळी, काम आवरल्यावर करा. टॅलीचा डेटा, पेजमेकरच्या फायली, जे काय तुमचं पोट आहे ते आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. जुनं मराठी सॉफ्टवेअर काढत असाल, तर त्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर वीस वर्षांचं काम इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखं दिसेल.

आता क्रम. एक पायरी जमली, तर पुढच्या पायरीवर जायची गरज नाही.

१. सेटिंग्जमधल्या ‘अॅप्स’मधून किंवा कंट्रोल पॅनेलमधून काढा. नाही निघालं, तर रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न करा. हसू नका, बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

२. अँटीव्हायरस असेल, तर त्याच कंपनीचं काढण्याचं वेगळं टूल वापरा. बहुतेक कंपन्या ते फुकट देतात. मात्र ते कंपनीच्याच साइटवरून घ्या, सर्चमधल्या पहिल्या जाहिरातीवरून नाही. अँटीव्हायरसचं फोल्डर हाताने कधीही उडवू नका. त्याचे ड्रायव्हर नेटवर्कच्या वाटेत बसलेले असतात. फाइल गेली आणि नोंद राहिली, की इंटरनेटच बंद पडू शकतं.

३. ‘अनइन्स्टॉलची फाइल सापडत नाही’ अशी तक्रार येत असेल, तर मायक्रोसॉफ्टचा ‘प्रोग्रॅम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर’ चालवा.

४. तरीही हटत नसेल, तर हातानं. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, सेफ मोडमध्ये जा. बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवा. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपमध्ये, सर्व्हिसेसमध्ये आणि टास्क शेड्युलरमध्ये त्या प्रोग्रॅमचं नाव शोधून बंद करा. मग ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधलं त्याचं फोल्डर डिलीट करू नका, त्याच्या नावापुढे ‘जुने’ जोडा. पंधरा दिवस नेहमीचं काम करा. काही अडलं नाही, तर खुशाल उडवा. अडलं, तर नाव पूर्ववत केलं की झालं.

आणि रजिस्ट्री?

फोल्डर गेलं, तरी यादीत नाव दिसत राहतं. तेवढी नोंद काढायला मी ना म्हणत नाही. पण आधी रिस्टोअर पॉइंट बनवा. ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ चालू आहे ना, तेही बघा. अनेक कॉम्प्युटरवर ते बंदच असतं. पूर्वी विंडोज रजिस्ट्रीची एक प्रत आपोआप बाजूला ठेवायचं. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, तेही बंद झालंय.

मग रेजएडिट उघडा. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, अनइन्स्टॉल, असं आत जा. डावीकडे लांबलचक आकडे दिसतील, घाबरू नका. एकेकावर क्लिक करून उजवीकडे ‘डिस्प्ले नेम’ वाचा. आपलं नाव सापडलं, की त्या की वर राइट क्लिक करून आधी ‘एक्स्पोर्ट’, फाइल डिस्कवर जपून ठेवा, आणि मगच फक्त तेवढी की डिलीट. जुनी ३२-बिट सॉफ्टवेअर इथे सापडली नाहीत, तर वाउ-६४३२-नोड या नावाखाली अशीच यादी आहे. व्हिडिओत हा भाग मी मुद्दाम सावकाश दाखवलाय.

इथेच थांबायचं. एफ-३ दाबत, कंपनीचं नाव दिसेल तिथे डिलीट करत सुटायचं नाही. त्याच कंपनीचं दुसरं सॉफ्टवेअर तुम्ही वापरत असाल! ‘सर्व्हिसेस’, ‘शेअर्ड डीएलएल’ आणि ‘क्लासेस रूट’ या ठिकाणी जाणकार शेजारी बसल्याशिवाय जाऊ नका.

“पण सर, क्लीनर चालवल्यावर माझा कॉम्प्युटर फास्ट झाला होता!” असं दर वर्गात कुणीतरी म्हणतंच. झालाही असेल. तेच सॉफ्टवेअर टेंपररी फायली काढतं, स्टार्टअपची गर्दी कमी करतं, आणि शेवटी रीस्टार्ट करायला लावतं. या तिन्ही गोष्टी विंडोजमध्येच फुकट आहेत. खरंच वेग हवा असेल, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. तो खर्च वसूल होतो.

घरच्या कॉम्प्युटरवर भाच्याने काय प्रयोग करायचे ते करू देत. दुकानातला कॉम्प्युटर ही तुमची चोपडी आहे. चोपडीतली पानं ‘जुनी दिसतात’ म्हणून कुणी अनोळखी माणूस फाडायला लागला, तर तुम्ही त्याचा हात धराल ना?

काकूंनी आता मॉनिटरवर कागद चिकटवलाय: ‘बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नये. नातेवाइकांनी तर मुळीच नाही.’ सदाशिव पेठेत पाटीशिवाय शिस्त लागत नाही, पण ही पाटी तुम्हीही लावून टाका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर त्या बॅकअपचं तेवढं बघाच.