लाल कार्डाला कोण घाबरतो?

पावसाळा सुरू झाला की आम्हा डॉक्टरांचा एक ठरावीक सल्ला असतो: पाणी उकळून, गाळून प्या. सल्ला बरोबर आहे, मीही देतो. माझी तक्रार वेगळी आहे. गावात जुलाबाची साथ आली की निघणाऱ्या पत्रकात नागरिकांनी काय काळजी घ्यावी हेच असते. ते पाणी ज्यांनी नळातून सोडले त्यांनी काय करायला हवे होते, हे शेवटच्या ओळीपर्यंत येत नाही. सिलिंडर पुरवून पुरवून वापरणाऱ्या बाईने रोज सहा माणसांचे पाणी उकळायचे, आणि घरात कोणी आजारी पडले तर चूकही तिचीच!

नियम नाहीत असे समजू नका. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आहे, आयएस 10500. 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू एकही सापडता कामा नये. क्लोरीन टाकलेल्या पाण्यात नळापाशी निदान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक असायला हवा. पण हे मानक गावच्या नळाला कायद्याने बंधनकारक नाही. दुकानातल्या सीलबंद बाटलीला अन्नसुरक्षा कायदा लागू आहे. म्हणजे बाटली घेणाऱ्याला कायदा, आणि पाणीपट्टी भरणाऱ्याला उकळण्याचा सल्ला.

आता प्रत्यक्षात काय चालते ते पाहा. टीसीएल पावडर ग्रामपंचायत विकत घेते, ती टाकीत टाकतो जलसुरक्षक. मानधन तुटपुंजे, आणि व्हॉल्व्ह फिरवण्यापासून नोटिसा वाटण्यापर्यंत सगळे त्याच्याच गळ्यात. पोते उघडे, दमट खोलीत राहिले की क्लोरीन उडून जातो आणि मागे उरतो मुख्यतः चुना. रजिस्टरमधली ‘टीसीएल टाकली’ ही नोंद मात्र खरी असते! उपकेंद्राचा आरोग्यसेवक ओटी टेस्ट करतो, नमुने प्रयोगशाळेत पाठवतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल म्हणजे तीव्र जोखीम. मग पुढे काय? पत्र. पत्राला उत्तर नाही आले तर स्मरणपत्र. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरच्या हातात त्यापलीकडे फारसे काही नसते.

आणि साथीनंतर जे होते ते डॉक्टर म्हणून मला सर्वांत जास्त खटकते. दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, पाणी प्यायल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी दिसते, कधी आणखी उशिरा. पहिल्या रुग्णाचे डोळे पिवळे होईपर्यंत फुटलेली पाइप जोडून झालेली असते. बोभाटा झाला की टाकीत दुप्पट टीसीएल पडते, मग नमुना घेतात. अहवाल येतो, ‘पिण्यास योग्य’. झाले, पाण्यात दोष नाही! हिपॅटायटिस ई गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जीवघेणा ठरू शकतो. तिच्या घरच्यांना हा अहवाल दाखवायचा का? महिन्यापूर्वीच्या पाण्याचा जबाब आजचे पाणी देऊ शकत नाही. म्हणून नोंदी नियमित आणि उघड हव्यात.

घाण मुळात शिरते कुठून? पाणी अर्धा तास येते आणि बंद होते. बंद झाले की पाइपमधला दाब जातो, आणि गटारातून गेलेली गळकी पाइप बाहेरची घाण आत ओढते. कोणी नळाला थेट मोटर लावली तर ओढ आणखी वाढते. 2018 मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. शौचालये झाली हे चांगलेच, पण सेप्टिक टँकचे पाणी कुठे सोडले, हे कोण तपासतो? बऱ्याच ठिकाणी ते त्याच गटारात जाते.

शहराला खेटून असलेल्या गावांचेही हेच. 2025 च्या जानेवारीत पुण्याजवळ किरकटवाडी, नांदेड परिसरात गुलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. ही गावे 2021 मध्ये महापालिकेत आली, पण विहिरीचे पाणी शुद्धीकरण प्रकल्पाशिवाय, नुसते क्लोरीन टाकून येत होते. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला.

‘ग्रामपंचायतीला दंड केला तर तोही गावाच्याच पैशातून जाणार,’ असे कोणी म्हणेल. खरे आहे, म्हणून मी दंड मागत नाही. लाल कार्ड लागले की ठरावीक दिवसांत दुरुस्ती आणि तोवर टँकर, ही जिल्हा परिषदेची कायदेशीर जबाबदारी हवी. तपासणी पाणी पुरवणाऱ्याच्या प्रभावाबाहेरच्या यंत्रणेने करावी. जलजीवन मिशनने 2019 पासून घरोघरी माणशी 55 लिटरचे उद्दिष्ट ठेवले, त्यात ‘योग्य दर्जाचे’ हे शब्दही आहेत. मोजले जातात ते मुख्यतः नळ.

येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत उभे राहून विचारा: आपल्या गावाला कोणत्या रंगाचे कार्ड आहे? पाण्याच्या शेवटच्या तपासणीची तारीख आणि निकाल काय? तो फलकावर का लावलेला नाही? उत्तर तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात नोंदवून घ्या.