शाहिराच्या आवाजाची नक्कल नको, जलसा हवा

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने दिवंगत माणसाचा आवाज आता हुबेहूब तयार करता येतो. २०२४ साली ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातील एका गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज असेच वापरले. त्यासाठी कुटुंबीयांची परवानगी घेतली, मोबदलाही दिला. आता याच तंत्राने दिवंगत कलावंतांकडून मानसिक आरोग्याचा प्रचार करून घ्यावा, अशी कल्पना पुढे येत आहे. हेतू चांगला असेल, परंतु आंबेडकरी समाजाने याकडे डोळसपणे पाहिले पाहिजे.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या जनतेवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा जणांचा बळी गेला. त्यानंतर काही दिवसांतच लोकशाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये त्यांचा खरा आवाज आहे. २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड'ने तो नव्या पिढीपर्यंत पोहोचवला.

उद्या या आवाजाची नक्कल करून 'खचू नका, मदत घ्या' असे कोणी वदवून घेतले तर? सल्ला योग्यच आहे. पण व्यवस्थेला जाब विचारणाऱ्या शाहिराच्या तोंडी केवळ मनाच्या आजाराची भाषा येईल आणि गोळीबाराचा सवाल गाडला जाईल. शिवाय मेलेला माणूस नकार कसा देणार? आशा भोसले यांनी २०२५ मध्ये आवाजाच्या नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाकडून संरक्षण मिळवले. उलट सुशांतसिंह राजपूत प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असे हक्क मृत्यूबरोबर संपतात, असे म्हटले. मग दिवंगत शाहिराचा वाली कोण? चळवळच!

आणि हा प्रचार कोणासाठी? पुणे जिल्ह्यातील वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका घ्या. तोरण्याच्या पायथ्याच्या, पानशेत धरणामागच्या वाड्यांतील मजुराला येरवड्याच्या मनोरुग्णालयात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. नुसता आवाज ऐकवून त्याला उपचार कसे मिळणार? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येकाला सरकारी उपचाराचा हक्क दिला आहे. १४४१६ हा 'टेलिमानस'चा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालतो. तो वाडीवाडीत पोहोचवा, तालुक्याला ठरलेल्या दिवशी समुपदेशक द्या!

मन खचणे ही लाजेची गोष्ट नाही, हे आपल्या वस्त्यांत सांगितलेच पाहिजे. ते सांगायला भीमराव कर्डकांपासून चालत आलेली जलशाची परंपरा आहे आणि आजचे गायक हयात आहेत. यंत्रावर उधळायचा पैसा त्यांना मानधन म्हणून द्या. घोगरेंचे ऐकायचे असेल तर त्यांनी स्वतः गायलेले ऐकवा. त्यांच्या नावावर न गायलेला एक शब्दही आम्ही खपवून घेणार नाही.