स्वतंत्र गायकाचे ऋण

गेल्या सत्रात वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने आम्हास एक प्रश्न विचारला. शिकागोचा चान्स द रॅपर कोणत्याही ध्वनिमुद्रिका-कंपनीचा अंकित न होता जगप्रसिद्ध झाला. शाळेने दहा दिवस घरी बसविलेला मुलगा तो. मग शाळेचे एवढे स्तोम कशासाठी? प्रश्नात उद्धटपणा नव्हता, म्हणूनच तो टाळता येईना. त्या वेळी उत्तर नीट साधले नाही. ते येथे देऊ पाहतो.

चान्सलर बेनेट याचा जन्म १९९३ चा, शिकागोचा. शाळेच्या अखेरच्या वर्षी गांजा बाळगल्यावरून त्यास दहा दिवस शाळाबंदी झाली. या गोष्टीवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. शिक्षा योग्यच होती. त्या सक्तीच्या सुटीत त्याने जी गाणी रचावयास घेतली, त्यांचा संग्रह २०१२ मध्ये ‘टेन डे’ या नावाने निघाला आणि तो लोकांस फुकट मिळाला. पुढील वर्षीचा ‘ॲसिड रॅप’ही फुकटच. कंपन्या मागे लागल्या, परंतु त्याने सही केली नाही. चरितार्थ चालला तो जलशांच्या तिकिटांवर आणि टोप्या-सदऱ्यांच्या विक्रीवर.

सही न करण्याचे मोल कळण्यास कंपनीची रीत ठाऊक हवी. ती गायकास आगाऊ रक्कम देते, विक्रीतून ती वळती करून घेते आणि मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा स्वतःकडे ठेवते. पीक उभे असतानाच खळ्यावरील धान्य सावकाराच्या नावे लिहिलेले असावे, तसा हा प्रकार.

मे २०१६ मध्ये त्याचा ‘कलरिंग बुक’ आला. त्याची तबकडी नव्हती, विक्री नव्हती. केवळ आंतरजालावर ऐकावयाचा. दीड हजार वेळा ऐकणे म्हणजे एका संग्रहाची विक्री, असा तेथील हिशेब होता. त्या हिशेबाने पहिल्या आठवड्यातील सुमारे ५ कोटी ७३ लाख ऐकण्यांचे ३८ हजार संग्रह झाले आणि अमेरिकेच्या यादीत त्यास आठवे स्थान मिळाले. त्याच वर्षी ग्रॅमी पारितोषिकांचा नियम बदलून अशा संग्रहांस दार उघडले गेले, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये चान्सने तीन ग्रॅमी पटकाविली.

येथवर आमच्या विद्यार्थ्याचे म्हणणे खरे. परंतु ‘स्वतंत्र’ हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. ‘कलरिंग बुक’ पहिले दोन आठवडे फक्त ॲपल कंपनीकडे ऐकावयास मिळत होता आणि त्यापोटी पाच लाख डॉलर घेतल्याचे चान्सनेच जाहीर केले. त्यात आम्हास पाप दिसत नाही. मालकी त्याचीच राहिली. २०१९ मध्ये ‘ॲसिड रॅप’ रीतसर स्ट्रीमिंगवर आला, तेव्हा त्यातील ‘ज्यूस’ हे गाणे वगळावे लागले. त्यात वापरलेल्या दुसऱ्याच्या संगीताची परवानगी मिळाली नव्हती. गाण्याच्या जागी अर्ध्या मिनिटाचा खुलासा ऐकू येई.

याहून मोठे ऋण निराळेच आहे. शिकागोच्या हॅरॉल्ड वॉशिंग्टन सार्वजनिक ग्रंथालयात ‘यूमीडिया’ नावाचे दालन आहे. तेथे मुलांस ध्वनिमुद्रणाची साधने विनामूल्य वापरता येतात, कविता म्हणण्यास व्यासपीठ मिळते आणि चुका दाखविणारे वडीलधारे भेटतात. शाळकरी चान्स तेथे जात असे. त्याला घडविणारे मार्गदर्शक माइक हॉकिन्स, ज्यांस मुले ‘ब्रदर माइक’ म्हणत, डिसेंबर २०१४ मध्ये निवर्तले. कंपनीचे अगाऊ पैसे नाकारणे शक्य झाले, कारण आरंभीचे भांडवल नगराने आधीच पुरविले होते. आणि त्याची परतफेड कोणी मागितली नव्हती.

मागितली नव्हती, तरी त्याने केली. राज्यपालांनी शिकागोच्या शाळांचे २१ कोटी ५० लाख डॉलरचे साह्य रोखले होते. चान्स त्यांस भेटला, समाधान झाले नाही, आणि मार्च २०१७ मध्ये त्याने शहराच्या सार्वजनिक शाळांस दहा लाख डॉलर दिले. तूट त्याने भरली नाही. भरणे शक्यही नव्हते. तरी ज्या शाळाव्यवस्थेने त्यास दहा दिवस बाहेर ठेवले, तिच्याच दारी तो धनादेश घेऊन आला, याचे आम्हा शिक्षकमंडळींस कौतुक वाटले, हे लपवीत नाही.

पुढची वाट सरळ नव्हती. २०१९ चा ‘द बिग डे’ अनेक रसिकांस रुचला नाही, जलशांचा दौरा रद्द झाला, जुन्या व्यवस्थापकाने २०२० मध्ये त्याच्यावर दावा लावला. अपयशाचा भार वाटून घेण्यास कंपनी नव्हती. तो एकट्याने सोसावा लागला. पुढील संग्रह ‘स्टार लाइन’ यावयास २०२५ उजाडले.

आमच्या शाळेचे वाचनालय शेवटच्या घंटेबरोबर बंद होते. ते तासभर अधिक उघडे राहावे, अशी विनंती आम्ही व्यवस्थापक मंडळाकडे केली आहे. किल्ली सांभाळण्याचे काम आम्ही पत्करले असून, टेबलावर ठेका धरण्यास तेथे मनाई राहणार नाही.