विश्लेषण : नववी-दहावीतले करिअर मार्गदर्शन नंदुरबारमध्ये कुठे अडते?

दहावीचा निकाल लागला की अकरावीची शाखा थोड्याच दिवसांत ठरवावी लागते. नंदुरबार जिल्ह्यात, त्यातही अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांत, हा निर्णय अनेकदा आवडीवर होत नाही. वसतिगृहात जागा कुठे मिळाली आणि जवळच्या महाविद्यालयात कोणती शाखा आहे, यावर तो होतो. म्हणून शाळेतच करिअरची ओळख करून द्यावी, हे आता सगळेच म्हणतात. ती कशी करून द्यायची, यावर मात्र फारसे बोलले जात नाही.

आतापर्यंत काय झाले?

राज्यात 2016 मध्ये दहावीसाठी कलचाचणी सुरू झाली. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे, हे ती सांगत असे. 2020 मध्ये युनिसेफच्या सहकार्याने ‘महाकरिअर पोर्टल’ आले. अभ्यासक्रम, महाविद्यालये, शिष्यवृत्त्या, प्रवेश परीक्षा अशी भरपूर माहिती त्यावर आहे. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना 10 दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे पाठवावे, असे सुचवले.

मग अडचण काय?

जे काम कधी पाहिलेच नाही, त्याकडे कल असणार कसा? पाड्यावरच्या मुलाला शिक्षक, नर्स, पोलीस, तलाठी आणि एसटीचा कंडक्टर दिसतो. चाचणीत त्याचे उत्तर तेवढ्यातूनच येते. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे 69 टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. अनेक घरांत भिली, पावरी किंवा मावची बोलली जाते. पोर्टलवरची मराठी या मुलांची घरची भाषा नाही. नर्मदाकाठच्या काही पाड्यांवर मोबाइलला रेंजच नाही, तिथे पोर्टल उघडणार तरी कुठे?

त्यात वेळापत्रक. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, काही मुलेही सोबत जातात. मार्गदर्शन मेळावा जानेवारीत ठेवला तर ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज, तेच वर्गात नसतात.

दाखवायचे काय?

त्यासाठी पुण्या-मुंबईला सहल न्यायची गरज नाही. नंदुरबारच्या मिरची पथारींवर एक दिवस पुरे. मिरची वाळवणारे मजूर सगळ्यांना दिसतात. पण तिचा रंग आणि तिखटपणा तपासणारी प्रयोगशाळा, शीतगृह चालवणारा तंत्रज्ञ, निर्यातीची कागदपत्रे करणारा माणूस, हे व्यवसाय कोणी दाखवत नाही. धडगावचा आमचूर घराघरांत तयार होतो आणि व्यापाऱ्याकडे जातो. पुढे त्याची किंमत कशी वाढते, हा वाणिज्याचा उत्तम धडा ठरेल. नवापुरात 2006 मध्ये बर्ड फ्लू आला तेव्हा पशुवैद्यक आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांचे मोल जिल्ह्याने पाहिलेच आहे. आता नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. नववीची मुले तिथे एकदा तरी आत जाऊन आली पाहिजेत.

एवढ्याने भागेल?

नाही. जिल्ह्याचे माजी जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड साक्री तालुक्यातल्या भिल्ल कुटुंबातले. प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांनी त्यांची हुशारी ओळखून आईला सांगितले आणि ते नवोदय विद्यालयात गेले. पुढे डॉक्टर झाले, मग सनदी अधिकारी. त्यांचा फोटो भिंतीवर लावणे सोपे आहे. नवोदयची परीक्षा असते, ती केव्हा आणि अर्ज कुठे, हे माहीत असलेला शिक्षक प्रत्येक शाळेत असणे अवघड आहे.

करिअरचा तास इथे कागदपत्रांवरही यायला हवा. आदिवासी राखीव जागेवर वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीला प्रवेश हवा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेचे, महसुलाचे जुने दाखले शोधावे लागतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर हा शोध आणखी लांबतो. बारावीनंतर वसतिगृह न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना’ आहे, ही माहितीही गुणवत्ता यादी लागल्यावर नव्हे, आधी मिळायला हवी. हे काम नववीच्या जूनमध्ये सुरू केले तर दिवाळीपर्यंत, म्हणजे कुटुंब ऊसतोडीला निघण्याआधी, निम्मे दाखले तरी हाती येतील.