हलका धातू, घातक धूळ

मोबाइलच्या बॅटरीतला लिथियम सर्वांच्या परिचयाचा आहे. मनोविकारांवर त्याच्या गोळ्याही आम्ही देतो. आवर्त सारणीतला त्याचा शेजारी बेरिलियम मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. दोन्ही धातू कमालीचे हलके. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७, बेरिलियमची १.८५ आणि लिथियमची जेमतेम ०.५३.

या दोघांना हायड्रोजनशी जोडून केलेले संयुग कॅनडातील संशोधकांनी २००० साली मांडले. त्यात वजनाच्या आठ टक्क्यांहून अधिक हायड्रोजन मावतो आणि सुमारे १५० अंश सेल्सिअसला तो परत काढता येतो. हायड्रोजनवर गाड्या चालवू पाहणाऱ्यांना मोह पडावा, असेच हे आकडे आहेत. या दोन धातूंची फ्लोराइडे वितळवून केलेले मीठ तर अमेरिकेत ओक रिजच्या प्रायोगिक अणुभट्टीत १९६५ ते १९६९ या काळात वापरलेही गेले. आपल्याकडे वाशीला भाभा अणुसंशोधन केंद्राचा बेरिलियम प्रकल्प आहे, म्हणजे हा धातू महाराष्ट्राला परका नाही.

गुण एवढे असूनही या संयुगांपुढे मोठी अडचण आहे ती बेरिलियमच्या विषारीपणाची. त्याची बारीक धूळ श्वासातून गेली की काही माणसांची प्रतिकारयंत्रणा बिथरते आणि फुफ्फुसांत बारीक गाठी होतात. ट्यूबलाइटच्या कारखान्यांतील कामगारांमधला हा आजार डॉ. हॅरिएट हार्डी यांनी १९४६ मध्ये अमेरिकेत दाखवून दिला. काम सोडून अनेक वर्षे लोटल्यावरही तो डोके वर काढतो. कोरडा खोकला, धाप, वजन घटणे. अशी लक्षणे ऐकली की डॉक्टरांच्या मनात आधी क्षयरोग येतो, आणि तो यायलाच हवा. पण थुंकीच्या तपासणीत वारंवार काहीच सापडत नसेल, तर पुढचा प्रश्न कामाचा असला पाहिजे. हिंगोलीहून पुण्या-मुंबईकडे कामाला गेलेला माणूस तिथे नेमके काय करत होता? बेरिलियम मिसळलेले तांबे स्प्रिंगांत आणि विजेच्या जोडण्यांत वापरतात. ते घासणाऱ्याला धातूचे नावही माहीत नसते. केसपेपरवर व्यवसायापुढे आपण ‘मजुरी’ लिहून मोकळे होतो.

अमेरिकेने २०१७ मध्ये कामाच्या जागी हवेतील बेरिलियमची मर्यादा दहापट कमी करून घनमीटरला ०.२ मायक्रोग्रॅमवर आणली. उद्या अशी संयुगे इथल्या कारखान्यांत आली, तर हवेची मोजणी, बंदिस्त यंत्रे आणि कंत्राटी मजुरांसह प्रत्येकाची कामाची नोंद पहिल्या दिवसापासून हवी. ती नोंद कामगाराच्याही हाती द्यावी. गावी परतल्यावर डॉक्टरला दाखवायला तेवढाच कागद असतो.